लाल बटण आणि मॅनेजरसाहेबांचा हात

सूड म्हटलं की लोकांना काठ्या आठवतात, कोर्ट आठवतं, निदान एखादी सणसणीत शिवी तरी आठवते. मी माझा सूड झेंडूच्या हारानं घेतला. भर दिवसा, उदबत्तीच्या वासात, मालकाच्या आईच्या आशीर्वादानं आणि तोंडात पेढा असल्यासारख्या गोड आवाजात. अजूनही मधेच आठवलं की मी एकटाच हसतो. बायको विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "हार." मग तीही हसते. तिचा तर हक्कच आहे, कारण बोट तिच्या भावाचं गेलं होतं.

मी मूळचा वाटूरचा. जालन्यात येऊन निम्मं आयुष्य झालं. धंदा पॅनेलचा. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ मशीनच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट असतं, त्यात मशीनच्या सगळ्या नसा असतात. त्या जोडायच्या, तपासायच्या, उंदरांनी कुरतडल्या की शिव्या देत पुन्हा जोडायच्या, हे माझं काम. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी अशी चार-पाच कपाटं सांभाळत होतो. रोलिंग मिलला लागणारे मोठाले रोल तिथे तासून मिळायचे. त्याच वर्कशॉपमध्ये माझा मेव्हणा ऑपरेटर होता आणि त्याच वर्कशॉपमध्ये मॅनेजर म्हणून जो गृहस्थ मिरवायचा तो आयटीआयमध्ये माझ्याच बाकावर बसायचा. त्याच्या डबीतली मिरचीची चटणी मी खाल्लेली आहे. त्यामुळे माझा राग घरचा आहे, परका नाही.

आता लाल बटणाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण या गोष्टीतला खरा देव तोच. प्रत्येक मशीनवर कुत्र्याच्या छत्रीसारखं एक लाल बटण असतं. लोकांना वाटतं ते दाबलं की काहीतरी चालू होतं. उलट आहे. घरातलं बटण दाबलं की वाट जोडली जाते, हे दाबलं की वाट तुटते. एक बारीक प्रवाह सारखा या बटणातून, मग दाराच्या स्विचमधून, मग बाकीच्या दोन-तीन स्विचांमधून फिरत असतो. एकमेकांचे हात धरून पोरं गोल उभी राहावीत, तसा. त्यातल्या एकानं जरी हात सोडला तरी मशीनची ताकद जाते. बटण दाबा, दार उघडा, नाहीतर तार आपोआप तुटू द्या, मशीन थांबणार. शंका आली की थांबायचं, एवढा एकच धर्म त्या सर्किटला ठाऊक असतो. माणसांमध्ये असा धर्म मी फार थोड्यांचा पाहिला.

पण या साखळीच्या दोन टोकांना वीतभर तारेचा तुकडा जोडला, की मधली सगळी पोरं हात सोडून घरी गेली तरी मशीनला कळत नाही. बटण दाबा, बडवा, त्याच्यावर नारळ फोडा. मशीन आपलं चालू.

मेव्हण्याचं तेच झालं. चकाच्या, म्हणजे रोल पकडणाऱ्या त्या फिरत्या जबड्याच्या फटीत लोखंडाची साल अडकली होती. काम संपून चक थांबलेला होता. पोरगा शिस्तीचा. त्यानं दार उघडलं, लाल बटण दाबलं आणि मगच हात घातला. वाकताना कोपर चालू करायच्या बटणाला लागलं. सर्किट धड असतं तर काहीसुद्धा झालं नसतं. इथे चक गर्रकन फिरला आणि उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर घेऊन गेला.

मॅनेजर धावत आला. दवाखाना वगैरे सगळं त्यानं रीतसर केलं, तेवढं मी नाकारत नाही. पण संध्याकाळी सगळे ऑपरेटर गोळा करून मालकासमोर जे भाषण ठोकलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "बटण दाबलं असतं तर मशीन हललंच नसतं. हा मोबाईल बघून राह्यला होता. बटण दाबलंच न्हाई यानं."

मेव्हणा म्हणाला, "दाबलं होतं साहेब."

"मंग बोट कसं गेलं?"

साक्ष द्यायला दुसरं कोणी नव्हतं. मशीन तर बोलत नाही. हाताची पट्टी सुटल्यावर मेव्हण्याला मशीनवरून काढून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगार निवडायला बसवलं. वर नाव पडलं, मोबाईलवाला. आमच्या सोयऱ्यांत एका ठिकाणी त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, तिथेही हे नाव त्याच्या आधी पोचलं. पोराला पेर गेल्याचं दुःख नव्हतं. त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या, आपलं मशीन परत आणि हे नाव पुसून.

आणि मी? मला गेटवरच अडवायला लागले. "साहेबांनी सांगितलंय, पॅनेलचं काम सध्या न्हाई." तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजली. ज्या माणसाला पॅनेल उघडू द्यायचं नाही, त्याचं काहीतरी पॅनेलमध्ये आहे.

घरी बायकोनं आघाडी उघडली होती. "अहो, तुमच्या मित्रानं माझ्या भावाचं वाटोळं केलं."

"तो माझा मित्र नाही."

"त्याची चटणी कोणी खाल्ली होती?"

हे मी तिला लग्नानंतर प्रेमानं सांगितलं होतं. बायकोला काय काय सांगू नये याचा एखादा वर्ग आयटीआयमध्ये असायला हवा होता. त्यानंतर घरात चटणी बंद झाली. पिठलं, भाकरी आणि शेजारी रिकामी वाटी. रोज. ती वाटी म्हणजे आमच्या घरचं लाल बटण होतं आणि ते उत्तम चालत होतं.

नवरात्रात संधी आली. मॅनेजर माल बघायला बाहेरगावी गेला आणि त्याच दिवशी एका पॅनेलचा पंखा बंद पडला. मालकानं स्वतः फोन केला, "या जल्दी." मालक सरळ माणूस. शेतीतून आलेला, बी-बियाण्याच्या दुकानावरून वर्कशॉपवर आलेला. मशीनपेक्षा माणसावर जास्त विश्वास ठेवायचा, हीच त्याची चूक. मी पंखा बदलला आणि जेवणाच्या सुट्टीत, शेडमध्ये कोणी नसताना, मेव्हण्याच्या जुन्या मशीनचं कपाट उघडलं.

होती. तार होती. साखळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अंगावर धूळ घेऊन, सासरी आलेल्या जावयासारखी आरामात पडलेली. अपघातानंतरही तिला कोणी हात लावला नव्हता. लावणार कसा? चारचौघांत कपाट उघडलं तर तार दिसणार, म्हणून कपाटच बंद. म्हणजे नवीन ऑपरेटरही त्याच मेलेल्या बटणावर भरवसा ठेवून हात घालत होता. माझ्या अंगावर काटा आला आणि लगेच, खरं सांगतो, गुदगुल्याही झाल्या.

कारण मी तारेची टोकं पाहिली. तांब्याचे धागे स्क्रूभोवती उलटे पिळले होते. स्क्रू आवळताना आत ओढले जाण्याऐवजी बाहेर फाकलेले. असा पीळ डावखुरा माणूस घालतो. आयटीआयमध्ये आमचे सर एका पोराच्या बोटांवर पट्टी मारून म्हणायचे, "उलटा पीळ! उलटा पीळ!" ते पोर माझ्या बाकावर होतं.

मग मला सगळं कळलं. बटणाच्या डबीत कूलंटचं, म्हणजे मशीन थंड ठेवायचं पाणी शिरत होतं, मशीन उगाच थांबत होतं, काम खोळंबत होतं. साहेबांनी दुरुस्ती करायचं सोडून तार मारली. पण तार घेऊन मालकाकडे गेलो असतो तर? मॅनेजरनं एका दमात सांगितलं असतं, "कपाट कोणाचं? याचं. मेव्हणा कोणाचा? याचा. आताच घालून आणली असंल." आणि मालकानं ऐकलं असतं. तार सापडली, एवढंच तारेवरून सिद्ध होतं. ती तिथे आहे हे कोणाला माहीत होतं, हे सिद्ध करायला तार पुरत नाही. त्याला साहेबांचा हातच लागणार होता.

मी तार काढली आणि खिशात घातली. बटणाची डबी उघडून आतला गंजलेला भाग बदलला, पाणी शिरायची वाट बुजवली, दार लावून चक फिरवला आणि बटण दाबलं. चक उभ्या उभ्या थांबला. पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकली, मशीन आणीबाणीत आहे म्हणून. दार उघडूनही बघितलं. बरोब्बर. आता ते मशीन एमआयडीसीतलं सगळ्यात विश्वासू जनावर होतं आणि हे फक्त मला ठाऊक होतं. कपाट लावलं, कुलूप घातलं, चेहरा गरीब केला.

तिथून मी गेलो मालकाच्या घरी. इन्व्हर्टर बघायचं निमित्त. मालकाच्या आई पिंपळगाव रेणुकाईच्या माहेरवाशीण. खंडेनवमीला वर्कशॉपची पूजा त्यांच्या देखरेखीखाली व्हायची. दरवर्षी हार मधल्या मोठ्या मशीनच्या, म्हणजे मेव्हण्याच्याच जुन्या मशीनच्या पडद्याला, कारण तिथे खिळ्यासारखं काहीतरी असतं आणि फोटो छान येतो. मी इन्व्हर्टरच्या मागे डोकं घालून नुसतं म्हणालो, "आजी, एक विचारू का? आपण हार पडद्याला घालतो. काम तर पडदा करत न्हाई."

"मंग कोण करतं?"

"आत तो चक फिरतो ना, तो."

आजींचा पान कुटायचा हात थांबला. "अगं बाई. म्हणजे पोळ्याला बैल सोडून गोठ्याच्या दाराला बेगड लावल्यावानी झालं की."

"मी काही बोललो न्हाई आजी."

"तू गप. ह्या साली हार त्यालाच घालायचा. आन कोणी घालायचा?"

"तुम्ही सांगाल तो. मॅनेजरसाहेबांच्या हाताखाली एवढी मशीनं चालतात म्हणा."

"त्यालाच सांगते." इन्व्हर्टरला काहीही झालेलं नव्हतं. मी त्याला उगाच एक थाप मारली आणि चहा पिऊन निघालो.

खंडेनवमीच्या सकाळी वर्कशॉप धुऊन पुसून लख्ख. टूल, गेज, पाने सगळे पाटावर मांडलेले, हळदीकुंकू लावलेले. मी मुद्दाम इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बायकोनंच काढून दिला. पूजेला सगळ्यांना बोलवायचा रिवाज, म्हणून मेव्हणाही भंगाराच्या शेडमधून येऊन मागे उभा. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

सगळ्यांच्या आधी येऊन मी एक काम उरकलं होतं. कपाटातला चकाच्या मोटारीची वीज तोडणारा ब्रेकर खाली पाडला होता. म्हणजे बटण राहो, तार राहो, चक फिरणंच शक्य नव्हतं. मला त्याची अब्रू घ्यायची होती, बोट नाही. बोटाचा हिशेब मला घाण वाटतो.

आरती झाली. आजींनी पूजेच्या ताटातला झेंडूचा हार उचलून मॅनेजरच्या हातात दिला. "ह्या बारीला आतल्या चक्राला घालायचा. ज्याच्या जिवावर खातो त्याला."

मॅनेजरनं हसून हार घेतला. मग कोणतं मशीन, ते पाहिलं. हसू तसंच राहिलं, मागचा माणूस निघून गेला.

"बराबर आहे आजी," तो म्हणाला. "मेन बंद करतो आन घालतो."

"मेन बंद केला तर पडदा काळा व्हईल," मालक मोबाईल सरसावून म्हणाले. "स्टेटसला टाकायचंय. असंच घाला."

आता बघा, मेन बंद करा म्हणणारा माणूस बिलकुल शहाणा असतो. मशीनमध्ये हात घालणाऱ्यानं तेच म्हणावं. एरवी मी त्याची पाठ थोपटली असती. पण हे शहाणपण त्याला त्याच्या बोटाच्या वेळी सुचलं, माझ्या मेव्हण्याच्या बोटाच्या वेळी नाही. मी दोन पावलं पुढे झालो, हात जोडले आणि नाटकातल्या विंगेतून यावा तसा गोड आवाज काढला.

"साहेब, मेन कशाला? लाल बटण आहे की. तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणाला होता, बटण दाबलं असतं तर मशीन हललंच नसतं." मग मागे वळून मेव्हण्याला म्हणालो, "ये रे, तूच दाब साहेबांसाठी."

मेव्हणा पुढे आला. आखूड बोटाच्या त्याच हातानं त्यानं बटण दाबलं आणि दार सरकवलं.

आणि इथे माझा जीव टांगणीला लागला. कारण बटण दाबताच वर पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली. सर्किट ठणठणीत असल्याची दवंडीच ती. मॅनेजरनं एकदा मान वर केली असती तर त्यानं ओळखलं असतं, हार घातला असता, आरामात पेढा खाल्ला असता आणि माझा सगळा खेळ तिथेच संपला असता. पण घाबरलेला माणूस वर बघत नाही. तो जबड्याकडे बघतो. मॅनेजर चकाच्या तीन दातांकडे टक लावून उभा होता आणि त्याच्या कपाळावरचं कुंकू घामानं खाली यायला लागलं होतं.

"घाल की बाबा," आजी म्हणाल्या. "हार जड झाला का?"

"आजी, ह्या बटणाचं... काही सांगता येत न्हाई."

मालकांनी मोबाईल खाली केला. "म्हणजे?"

"जुनं मशीन आहे. कधी चालतं, कधी न्हाई."

मागून मेव्हण्याचा आवाज आला, बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "साहेब, मी त्या दिवशी हेच म्हणलो होतो. तुम्ही म्हणलात मी मोबाईल बघत होतो."

"तू गप बस रे!"

"त्याला कशाला गप करता?" मी म्हणालो. "हार घाला ना. बटण दाबलंय, दार उघडं आहे. दोन-दोन राखणदार आहेत."

"अरे काय राखणदार!" साहेब माझ्यावर ओरडले. "ती तार असल्यावर दोन काय आन दहा काय!"

झालं. मी डोळे मिटून घेतले. मला तो क्षण चाखायचा होता.

"कसली तार?" मालकांनी विचारलं.

साहेबांना कळलं आपण काय बोललो. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यालाच विचारा. कपाट याचं. यानंच घातली असंल."

"मी घातली असती तर मला माहीत असतं," मी म्हणालो. "तुम्हाला कशी माहीत? आणि साहेब, जरा वर बघता का?"

त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. लाल अक्षरं आपली लुकलुकत होती.

"बटण चालतंय. परवाच मी दुरुस्त केलंय. लेकरानं जरी हात घातला असता तरी काही झालं नसतं. तार ही घ्या." मी खिशातून तुकडा काढून मालकांच्या हातात ठेवला. "याचा पीळ उलटा आहे मालक. असा पीळ डाव्या हाताचा माणूस घालतो."

मी एवढंच बोललो. पुढचं मला बोलावं लागलं नाही. ऑपरेटरांच्या नजरा एकेक करून साहेबांच्या हाताकडे गेल्या. देवाचा हार होता, आजींनी तो उजव्या हातात दिला होता. घाबरून तो कधी डाव्या हातात गेला होता, ते साहेबांना कळलंही नव्हतं.

मी कपाटाकडे गेलो, ब्रेकर वर केला, बटण सोडवलं, दार लावलं आणि चक फिरवून दाखवला. मेव्हण्याला म्हणालो, "दाब." त्यानं दाबलं. चक थांबला. त्यानं पुन्हा सोडवून पुन्हा दाबलं. पुन्हा थांबला. तो बटणाकडे असं बघत होता जसं कोणीतरी उशिरा का होईना त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला आलं होतं. मी ब्रेकर परत खाली पाडला. आजींनी साहेबांच्या हातातून हार घेतला आणि मेव्हण्याला दिला. त्यानं आत वाकून चकाच्या तिन्ही दातांवरून तो नीट ओवला. हात आत गेला आणि बाहेर आला.

मालक साहेबांना तिथल्या तिथे काढून टाकायला निघाले होते. आजींनी अडवलं. हा सूड माझा, असं मी समजत होतो, पण त्या बाईनं त्याला जी फोडणी दिली ती मला सात जन्मांत सुचली नसती. "काढू नगंस. काढला तर दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन तारा लावीत बसंल. हितंच ठिव. रोज सकाळी एकेका मशीनचं बटण दाबून बघायचं, आन बघितल्यावर यानंच आत हात लावायचा. मंगच बाकीच्यांनी काम सुरू करायचं."

मेव्हण्याचं मशीन त्याच दिवशी त्याला परत मिळालं. मोबाईलवाला हे नाव जालन्यातून जाताना फार वेळ लागला नाही. तार मारणारा हे नाव आलंय, ते राहील असं दिसतंय. माझ्याही ताटात चटणी परत आली, वाटी भरून. लग्नाचं बोलणंही पुन्हा सुरू झालं आहे. मुलीच्या बापानं भेटल्यावर आधी बोट पाहिलं आणि मग मोठ्यानं विचारलं, "त्या हारवाल्या गोष्टीतले पाव्हणे तुम्हीच ना?"

तरीसुद्धा मी अधूनमधून सकाळी काही काम नसताना वर्कशॉपवर चक्कर टाकतो. कोपऱ्यात उभा राहतो, कागदी कपातला चहा घेतो. भोंगा होतो. साहेब पहिल्या मशीनपासून सुरुवात करतात. चक फिरतो, बटण दाबलं जातं, चक थांबतो, साहेब हात घालून दातांना स्पर्श करतात आणि पुढे सरकतात. बाकीच्या मशीनांवर ते झटकन होतं. माझ्या मेव्हण्याच्या मशीनशी आले की मात्र हात दारात अडतो. रोज अडतो. बाकीचे ऑपरेटर काम सोडून बघत राहतात.

मग मेव्हणा आखूड बोटाचा हात बटणावर ठेवतो आणि फार अदबीनं म्हणतो, "घाला साहेब, घाला. मी दाबलंय."